काळ्या फोमचा उन्हाळा

एप्रिलचा दुसरा आठवडा लागला की आमच्या अकोला आवृत्तीच्या पहिल्या पानावर तापमानाचा चौकोन सुरू होतो. अकोला, अमरावती, शेजारचे दोन-तीन जिल्हे, कमाल, किमान. चौकोन लावायला पाच मिनिटं लागतात. ‘अंगाची लाही लाही’ हे शब्द मी दर उन्हाळ्यात बातमीतून कापते आणि दर उन्हाळ्यात ते परत येतात. त्याच आठवड्यात आणखी एक छोटी बातमी येते: अभियांत्रिकीच्या प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा सुरू. चार ओळी, तळाला. त्या चार ओळी मी कापत नाही. त्या परीक्षा ज्या खोल्यांत होतात त्यातली एक खोली मला माहीत आहे.

ती खोली अमरावतीत, गावाबाहेरच्या एका कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर होती. वर स्लॅब, स्लॅबवर काही नाही. दुपारी बाराला भिंतीला पाठ टेकली की कुर्त्यातून चटका बसायचा. खिडकीत कूलर, त्याच्या ताट्यांना जुन्या पाण्याचा वास. खाली फाटकाजवळ रसवंतीचे घुंगरू दिवसभर वाजत. पोरी तोंडाला दुपट्टा बांधून यायच्या आणि जिन्यात सोडायच्या. पोरं जर्नलचा पुठ्ठा डोक्यावर धरून मैदान ओलांडायची. खोलीच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये फेरिक क्लोराइडचं द्रावण असायचं, काढ्याच्या रंगाचं. त्यात तांब्याचा पत्रा चढवलेला बोर्ड बुडवला की नको असलेलं तांबं विरघळतं आणि हवा असलेला आकार उरतो. त्या द्रावणाचा वास आणि तापलेल्या खोलीचा वास मिळून एक तिसरा वास होत असे. तो मला नंतर कुठे आला नाही.

मी तेव्हा एम.ई.च्या शेवटच्या वर्षाला होते. विषय होता मोबाइल संपर्कासाठीच्या पॅच अँटेनाची बँडविड्थ वाढवणे. पॅच अँटेना म्हणजे तळहाताएवढा तांब्याचा चौकोन. त्याच्या खाली काही अंतरावर तांब्याचाच दुसरा, मोठा पत्रा. बस. स्वस्त, चपटा, भिंतीला चिकटवता येतो. दोष एकच. तो लहरींच्या फार अरुंद पट्ट्यात काम करतो; त्या पट्ट्याची रुंदी म्हणजेच बँडविड्थ. एका सुरात गाणाऱ्याला शेजारचा सूरही लावता येऊ नये, तसा. मोबाइलला वेगवेगळे पट्टे लागतात. एकाच चौकोनाने ते सगळे झेलावेत म्हणून लोक त्याला चिरा पाडतात, तो उंच उचलतात, दोन्ही पत्र्यांच्या मध्ये हवा सोडतात. आम्हीही तेच करत होतो. चौकोनात इंग्रजी यू अक्षरासारखी चीर होती आणि मध्ये बारा मिलिमीटर अंतर.

माझे मार्गदर्शक होते गावंडे सर. हे त्यांचं खरं नाव नाही. ते नऊ वर्षं त्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे दर एप्रिलमध्ये त्यांना सोडायचे आणि दर जुलैमध्ये फोन करून बोलवायचे. मधले महिने ते बेवारस. त्या वर्षी त्यांच्या विषयाची एक कायम जागा भरायची होती, अट पीएच.डी.ची. सरांची पीएच.डी. याच अँटेनावर होती. तिला दोनदा मुदतवाढ मिळून गेली होती. तिसरी आणि शेवटची एप्रिलअखेरच्या एका बुधवारी संपत होती. तोवर प्रबंध आत गेला तर जुलैत ते कायम होणार, नाही तर त्यांचं पुन्हा तेच. हे सगळ्या विभागाला माहीत होतं. शिपाईसुद्धा जाता जाता विचारायचा, “सर, किती पानं झाले?”

वर्गात सर पुस्तकी मराठी बोलत. लॅबमध्ये दार लोटलं की वऱ्हाडी सुरू.

तिसरा माणूस रशीदभाई, लॅब असिस्टंट. बोर्ड कापणं, ट्रे हलवणं, झाळ लावणं त्यांच्याकडे. त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं कायमची पिवळी होती. मार्चअखेर एका दुपारी ते अँटेना हातात घेऊन आले आणि तो त्यांनी सरांच्या टेबलावर ठेवला.

“सर, थर्माकोल गेलं.”

“गेलं म्हंजे? कुठी गेलं?”

“सोल्यूशननं खाल्लं. हे पाहा, अंदर से पूरा खोखला.”

दोन पत्र्यांच्या मधलं अंतर राखायला आम्ही थर्माकोलचा तुकडा लावत होतो. थर्माकोल जवळजवळ हवाच. लहरींना ते दिसत नाही. रशीदभाईंनी तो तुकडा चपला जोडायच्या सोल्यूशनने चिकटवला होता आणि सोल्यूशनने तो विरघळवला होता.

“तुमाले कोणं सांगतलं चपलीचं सोल्यूशन लावा म्हणून?”

“टेप धरून नाई राहिला ना सर. इतल्या गर्मीत माणूस धरून नाई राहिला, टेप काय धरीन.”

सर हसले. रशीदभाईंनी कपाट उघडलं. त्यात आयसीचे, म्हणजे सर्किटमधल्या चिपचे, डबे होते. आयसीचे पाय वाकू नयेत म्हणून त्या काळ्या फोममध्ये खोचून येतात, आणि तो फोम कोणत्याही लॅबमध्ये फेकला जात नाही. रशीदभाईंनी वर्षानुवर्षांचे तुकडे साठवले होते. त्यातला एक जाड तुकडा त्यांनी पट्टीने मोजला. बरोबर बारा.

“हे चालते का?”

सरांनी तो अंगठ्याने दाबला, सोडला. तो फुगून पुन्हा जागेवर आला. “चालते. फोम म्हंजे हवाच असते,” ते म्हणाले.

मी तिथे होते. मी वहीत लिहिलं: ‘मधला थर: फोम, बारा मिमी.’ रंग लिहिला नाही. रंगाचा काही संबंध असेल असं तिघांपैकी कोणालाही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी अँटेना नेटवर्क ॲनालायझरला जोडला. हे यंत्र अँटेनात लहर पाठवतं आणि किती परत आली ते रेषेने दाखवतं. रेष जितकी खाली जाईल तितकं कमी परत आलं, आणि ती ठरलेल्या पातळीच्या खाली जितक्या रुंदीत राहील तितकी बँडविड्थ. थर्माकोलवर आमची अकरा टक्के भरत होती. त्या दिवशी रेष खाली गेली आणि वर आलीच नाही. पडद्याच्या बऱ्याच भागावर ती पाणी भरलेल्या खड्ड्यासारखी पसरून राहिली.

“केबल सैल असंन,” सर म्हणाले. “काढून लावा.”

रशीदभाईंनी काढून लावली. तीच रेष. सरांनी स्वतः काढून लावली. तीच रेष. एकतीस टक्के.

“हे तं बसलंच, बाप्पा,” सर म्हणाले आणि खाली बसले.

“आता तुमाले डॉक्टरसाहेब म्हणाव लागते,” रशीदभाई म्हणाले. “इंजेक्शन तं नाई देसान ना आमाले?”

सरांनी तिथूनच घरी फोन लावला. “हो. झालं. नाई, नाई, नोकरीचं नाई. अँटेनाचं.” थोडं थांबून, “एकच हाय ते.”

पुढच्या तीन आठवड्यांत त्या रेषेवर बरंच काही उभं राहिलं. सरांच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण. प्रबंध आत जाण्याआधीचा सेमिनार, ज्यात विद्यापीठाच्या समितीने मान डोलावली. एका परिषदेला पाठवलेला पेपर, ज्यावर सरांच्या नावानंतर माझं नाव होतं आणि शेवटी, सरांच्या आग्रहावरून, रशीदभाईंचं. माझा एम.ई.चा प्रबंध तर त्या एका आलेखासाठीच बांधल्यासारखा होता. बाइंडरने सोनेरी अक्षरं दाबून तो दिला तेव्हा तो उन्हात गरम झालेला होता.

वर्तमानपत्रात आल्यावर मला पहिल्या महिन्यात शिकवलं गेलं की बातमीत जे आहे ते तपासलं जातं, जे नाही ते नाही. आग विझली, हे कळतं. कशाने विझली, हे कोणी विचारत नाही. ॲनालायझरचंही तसंच आहे. तो फक्त परत आलेलं मोजतो. परत न आलेलं हवेत गेलं असं आपण धरतो. ते वाटेतच मुरलं तरी रेष तितकीच खाली जाते. उलट जास्तच, आणि जास्त रुंदीत. वाईट अँटेना त्या पडद्यावर चांगल्या अँटेनापेक्षा चांगला दिसू शकतो. पुस्तकात हे वाक्य होतं. मी त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती. परीक्षेला येण्यासारखं आहे म्हणून.

माझी तोंडी परीक्षा शुक्रवारी होती. त्या आधीच्या सोमवारी मी लॅबमध्ये एकटी होते. सादरीकरणात एक फोटो हवा होता: एका टेबलावर आमचा अँटेना, समोरच्या टेबलावर साधा अँटेना आणि सिग्नल दाखवणारा मीटर. फोटो म्हणजे पुरावा वाटतो. आधी जुना, थर्माकोलवरचा, चीर न पाडलेला पॅच जोडून पाहिला. समोरच्या मीटरचा काटा उठला. मग काळ्या फोमचा. काटा हलला, न हलल्यासारखा. केबल पाहिली. जागा बदलली. टेबल जवळ ओढलं. काटा तिथेच. कूलरचा पंखा घरघरत होता, बाहेर मैदानात कोणी नव्हतं. मी मल्टिमीटर घेतला, तो ओहमवर, म्हणजे वस्तू वीज किती अडवते ते दाखवणाऱ्या खुणेवर, फिरवला, त्याची दोन टोकं आधी थर्माकोलच्या उरलेल्या तुकड्यात खुपसली. काही नाही; थर्माकोल वीज नेत नाही. मग काळ्या फोममध्ये.

काटा वळला.

फोम काळा होता कारण त्यात कोळशाची पूड होती. आयसीला स्थिर विजेचा धक्का बसू नये म्हणून तो मुद्दाम वीज वाहणारा करतात. आमचा अँटेना हवेवर नव्हे, कोळशावर उभा होता. एकतीस टक्क्यांत जे परत येत नव्हतं ते कुठेही जात नव्हतं. ते त्या फोममध्ये मुरत होतं आणि त्याला थोडंसं, कळणार नाही इतकं, गरम करत होतं.

मी वस्तू जागेवर ठेवल्या. कुलूप लावलं. किल्ली रशीदभाईंच्या खिळ्यावर अडकवली. त्या दिवशी सरांना सांगितलं असतं तर त्यांच्या हातात पुढच्या बुधवारपर्यंत नऊ दिवस होते, आणि माझी शुक्रवारची परीक्षा रद्द होऊन मी सहा महिने मागे पडले असते. मी सांगितलं नाही. माझं वय चोवीस होतं. ते कारण म्हणून इथे लिहीत नाही.

मंगळवार, बुधवार, गुरुवार. लिंबोळ्या धरायला लागल्या होत्या. होस्टेलच्या नळाचं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापायचं, म्हणून पोरी पहाटेच बादल्या भरून ठेवत. सर भेटले की विचारायचे, “झाली का तयारी?” मी हो म्हणायची. या दिवसांतलं मला आठवतं ते एवढंच. बाकी मी विसरले असेन किंवा त्यात विसरण्यासारखं काही नसेल.

शुक्रवारी बाहेरचे परीक्षक आले. त्यांना तीन परीक्षा उरकून बडनेऱ्याहून गाडी पकडायची होती. अंतर्गत परीक्षक म्हणून शेजारी गावंडे सर. आलेख पडद्यावर आल्यावर परीक्षक पुढे झुकले.

“बँडविड्थ चांगली मिळवली. गेन किती आहे?”

गेन म्हणजे अँटेना खरोखर किती जोराने लहर बाहेर टाकतो.

“गेन मोजण्याची सोय इथे नाही, सर.”

वाक्य खरं होतं. त्यासाठी लागणारी, भिंतींवरून लहरी परत न येणारी खोली आमच्याकडे नव्हती. परीक्षकांनी मान हलवली. त्यांच्या कॉलेजातही नसावी. सर समोरच्या कागदावर काहीतरी लिहीत होते आणि त्यांनी वर पाहिलं नाही. मग आलुबोंडे आले, सरबत आलं, दोघांच्या सह्या झाल्या. परीक्षक म्हणाले, अभिनंदन.

शनिवारी सकाळी सर लॅबमध्ये जर्नल तपासत बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं. फोम, मीटर, काटा. कधी कळलं ते सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. त्यांनी हातातलं जर्नल पूर्ण तपासलं, सही केली, मिटलं.

“बरं,” ते म्हणाले. “मंगळवार धरून चार दिवस होतात.”

मी तपासून झालेली जर्नलं सरळ रचली.

“रशीदभाईले नको सांगू. त्याले वाटीन का त्याच्याच्यानं झालं.”

चार दिवसांत त्यांनी थर्माकोल लावून अँटेना पुन्हा केला. सोल्यूशन नको, टेप नको म्हणून चार कोपऱ्यांना नायलॉनचे स्क्रू लावले. ही युक्ती रशीदभाईंची. त्यांना सांगितलं होतं की सरांना दुसरा नमुना हवाय. अकरा टक्के आली. चौथं प्रकरण अकरा टक्क्यांचं लिहिलं गेलं, बुधवारी दुपारी प्रबंध आत गेला. समितीने विचारलं की सेमिनारमध्ये एकतीस दाखवली होती ती कुठे गेली. सरांनी लेखी सांगितलं: चूक माझी, फोम मी निवडला. समितीचं उत्तर नियमाला धरून होतं: निकाल बदलला असेल तर सेमिनार पुन्हा. पुन्हा सेमिनार म्हणजे पुन्हा मुदत, आणि मुदती संपल्या होत्या. नोंदणी बंद झाली. पेपर त्यांनी पत्र पाठवून मागे घेतला. माझा प्रबंध ग्रंथालयात गेला, एकतीस टक्क्यांसकट. जुलैमध्ये कॉलेजातून त्यांना फोन आला नाही. कायम जागेवर दुसरे गृहस्थ रुजू झाले. रशीदभाईंनी नंतर मला मूर्तिजापूरच्या स्टँडवर एकदा विचारलं, “ताई, सर कावून सोडून गेले? त्यायचं तं झालतं ना सगळं?” माझी बस लागली होती.

आमच्या पेशात चूक कळली की दुसऱ्या दिवशी त्याच पानावर खुलासा छापतात. लहान टाइपात, पण छापतात. मी असे खुलासे लिहिण्यात चांगली आहे, असं डेस्कवर मानतात. कमी शब्दांत, कोणाला न दुखवता, काय चुकलं ते नेमकं.

यंदा एप्रिलमध्ये संत्र्याच्या आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या बहाराची, फळगळ सुरू झाली. बातमीसाठी मी शेंदूरजनाघाटला गेले. मोर्शीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागा, झाडांखाली गोटीएवढी हिरवी फळं पडलेली, काही वाळून काळी झालेली. चालताना ती पायाखाली फुटत नाहीत, घरंगळतात. फोटोग्राफर म्हणाला, कलमांची रोपवाटिका पण घेऊ. हिरव्या जाळीखाली काळ्या पिशव्यांच्या ओळी होत्या आणि त्यांना पाइपने पाणी देणारा माणूस पाठमोरा होता. तो वळला. गावंडे सर.

रोपवाटिका त्यांच्या मोठ्या भावाची. केस सगळे पांढरे झाले होते.

“तुह्यं नाव वाचतो पेपरात,” ते म्हणाले. “उन्हाचं लय लिहितं तू.”

“तापमान तर दुसरीकडून येतं, सर.”

“तेच म्हणतो. मोजते कोणी, लिहिते कोणी.”

फोटोग्राफर पुढे गेला. मी इतक्या वर्षांत न सांगितलेलं सांगितलं: मला ते सोमवारीच कळलं होतं, शनिवारी नाही.

“माहीत हाय मले.”

“कसं?”

“गुरुवारी मीटर घ्याले गेलो तं तो ओहमवर ठेवेल होता. मी ठेवत नाई, रशीदभाई ठेवत नाई. समोर फोम, त्याले दोन भोकं. मंग म्या बी लावून पायला.” ते पाइप एका पिशवीतून दुसरीत फिरवत बोलत होते. “शुक्रवारी विचारतो तं तुह्ये सहा महिने जात होते. नाई विचारतो तं माह्ये दिवस जात होते. गुरुवारीच काम धरतो तं लॅबमंधी बोंब झाली असती, तुही परीक्षा थांबली असती. म्हटलं, दोघातल्या एकाचं तं होऊन जाऊ दे.”

जाळीखाली हवा हलत नव्हती. ओल्या मातीतून वाफ येत होती.

“मी विद्यापीठाला लिहू का, सर? आता. की माझा निकाल चूक आहे.”

“लिही. पण तुह्या निकालाच्या पानावर माही सही हाय. मी जाणूनबुजून केली.” ते म्हणाले, “तुह्या खोट्यात मी मोडतो मंग. सध्या मी फक्त नापास हाओ.”

वही उघडी होती, तीत फळगळीचे मुद्दे होते.

“ते जाऊ दे,” सर म्हणाले. “डिग्री कामात पडली का?”

“नाही, सर.”

“सुरुवातीले?”

“सुरुवातीलाही नाही. नोकरीच्या अर्जात एकदा लिहिली होती. तिथे त्यांना पदवीच पुरत होती.”

“काहीच नाई?”

“नाही.”

ते माझ्याकडे बघत राहिले. हातातल्या पाइपखालची पिशवी केव्हाच भरली होती. पाणी माती घेऊन काठावरून सांडत होतं आणि रोप एका बाजूला कलत होतं. त्यांनी पाइप हलवला नाही.